किनाऱ्याची जादू माझूची असावी
विघटित, जादूने भारलेल्या भावी चीनवरच्या काल्पनिक कथेत श्रीमंत किनारी राज्याची शक्ती ड्रॅगनकडून यावी, अशी एक सूचना आहे; ती मला पटत नाही. चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरील फूच्येन प्रांतात पाठीशी डोंगर आणि शेतजमीन तुटपुंजी असल्यामुळे माणसे शतकानुशतके समुद्राकडे वळली, आणि त्या प्रवासांत त्यांना आधार होता तो मेइचौ बेटावरच्या माझू या सागरदेवतेचा. तिच्या उपासनेला युनेस्कोने २००९ साली अमूर्त वारशात स्थान दिले. वादळ थोपवण्याची विद्या तिच्या देवळांच्या हाती असेल, तर बंदरांची जकात, जहाजांचा विमा आणि सत्ता त्यांच्याचभोवती फिरेल. राजधानी म्हणून १९८० मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र ठरलेले याच प्रांतातील श्यामेन बंदर शोभेल. मात्र या किनाऱ्याला धान्य आणि कोळसा मोठ्या प्रमाणात उत्तरेकडून येतो, तेव्हा फाळणीनंतरचा पहिला संघर्ष त्यावरूनच रंगवावा.