मायनर लीगमधला खेळाडू नेमका कोणाचा?

ओसरीवरचा
नोकरीनिमित्त न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरी आल्यापासून येथील रेड विंग्ज या मायनर लीगमधील (व्यावसायिक बेसबॉलच्या खालच्या पायरीवरील) बेसबॉल संघाचे सामने पाहण्याची गोडी लागली आहे. परवा ऐन भरात असलेला एक पिचर (चेंडू टाकणारा) अचानक दिसेनासा झाला. शेजारच्या खुर्चीवरील आजोबांनी "वर बोलावले" एवढेच सांगितले. हा संघ गावातल्या भागधारकांच्या मालकीचा आहे, मग त्याचा खेळाडू दुसरा कोणी न विचारता कसा नेतो? आपल्या रणजीसारखीच ही रचना आहे का?

जुना_स्कोअरर
रणजीची उपमा येथे फसवी ठरते. रणजी संघ राज्य संघटना निवडते. रेड विंग्जच्या खेळाडूंचा करार मात्र वॉशिंग्टन नॅशनल्स या मेजर लीग (सर्वोच्च स्तरावरील लीग) संघाशी असतो आणि त्यांचा पगार व प्रशिक्षकही तेथूनच येतात. स्थानिक क्लबच्या वाट्याला मैदान, तिकीटविक्री आणि हॉट डॉगची दुकाने येतात. वरून खाली ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए व सिंगल-ए अशा चार पायऱ्यांवर मेजर लीगच्या ३० संघांचे प्रत्येकी एक, असे १२० क्लब आज आहेत.

पूर्वी असे नव्हते. दोन बड्या लीगच्या भांडणात आपले खेळाडू पळवले जातील या धास्तीने १९०१ मध्ये शिकागोत लहान लीगच्या प्रमुखांनी राष्ट्रीय संघटना स्थापली, तेव्हा क्लब स्वतंत्र होते आणि तयार झालेला खेळाडू वर विकून त्यावर पोट भरत. ही घडी मोडली ती सेंट लुईस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकी यांनी. खेळाडू हेरावा त्यांनी आणि श्रीमंत संघांनी जास्त बोली लावून तो न्यावा, हे वारंवार घडू लागल्यावर त्यांनी १९२० च्या सुमारास लहान क्लबांतच भागीदारी घ्यायला सुरुवात केली. यालाच पुढे 'फार्म सिस्टीम' म्हणू लागले. बेसबॉलचे सर्वोच्च प्रशासक, कमिशनर लँडिस यांना ती मुळीच रुचली नाही. १९३८ मध्ये त्यांनी कार्डिनल्सचे सत्तरहून अधिक खेळाडू करारमुक्त केले, तरीही पद्धत टिकलीच.

तिसरा_बेस
वरील माहितीत रॉचेस्टरपुरती भर घालतो. हा क्लबही तेव्हा कार्डिनल्सच्याच मालकीचा होता. १९५७ मध्ये त्यांनी येथून अंग काढून घेतले, तेव्हा मॉरी सिल्व्हर या व्यावसायिकाच्या पुढाकाराने आठ हजारांहून अधिक लोकांनी भाग (शेअर) विकत घेऊन क्लब वाचवला. ते भाग क्लबचे आहेत, खेळाडूंचे नव्हेत.

१९८१ च्या एप्रिलमध्ये पॉटकेट येथे याच संघाचा सामना पहाटे चारनंतर, ३२ इनिंगनंतरही (एरवी नऊच असतात) २-२ असा बरोबरीत थांबवावा लागला. थंडी एवढी होती की खेळाडू मोडक्या बॅटी जाळून शेकत होते आणि प्रेक्षक उरले होते एकोणीस. जूनमध्ये पुढची एकच इनिंग झाली आणि पॉटकेट जिंकले. त्या रात्री रॉचेस्टरकडून पुढे दिग्गज ठरलेला कॅल रिपकेन खेळत होता. ऑगस्टमध्ये रॉचेस्टरचा तेव्हाचा मेजर लीग संघ बाल्टिमोरने त्यालाही असेच वर नेले.

हिशेबनीस
कोणी पगाराच्या आकड्यांचा विषय काढला नाही, म्हणून थोड्या मागच्या हिशेबासह लिहितो. १९४९ मध्ये ५९ लीग आणि चार कोटींच्या घरात प्रेक्षक होते. घरोघरी दूरचित्रवाणी आली आणि हा पसारा आटत गेला. २०२० नंतर मेजर लीगने सारा कारभार हाती घेऊन चाळीसहून अधिक क्लब संलग्नतेतून वगळले. माझ्या मते हा त्या गावांवर अन्यायच होता. खेळाडूंचे मात्र थोडे बरे झाले: २०२२ मध्ये त्यांना कामगार संघटना मिळाली आणि २०२३ च्या करारात ट्रिपल-एचे किमान वार्षिक वेतन १७,५०० वरून ३५,८०० डॉलर झाले.

ओसरीवरचा
सर्वांचे आभार. म्हणजे तो पिचर आता गेला तो गेलाच?

जुना_स्कोअरर
तसे नाही. 'ऑप्शन' (खेळाडू न गमावता त्याला खाली पाठवण्याची संघाची मुभा) शिल्लक असेल तर त्याला पुन्हा खाली धाडता येते, मात्र २०२२ पासून एका हंगामात पाचपेक्षा जास्त वेळा नाही. आजोबांना विचारून ठेवा, त्यांना आधी कळेल.