मदत हवी आहे: ‘जिद्द’ शब्दाला चांगला अर्थ कधी आला?

१७ सप्टेंबरला शाळेत लेकरांपुढं मराठवाडा मुक्तिसंग्रामावर बोलायचंय, अन् ‘जिद्द’ या शब्दावरच अडकलोय. मूळ अरबीत त्याचा अर्थ विरोध, उलट बाजू. हिंदी-उर्दूत ‘जिद’ म्हणजे हट्टच; परभणीत आमचे दखनी बोलणारे शेजारीही तसंच म्हणतात. मराठीत मात्र त्याचं कौतुक! १९४८ पर्यंत निजामाचा कारभार उर्दूत चालला, तरी इथल्या मराठीत हा कौतुकाचा अर्थ आहेच, याचं मला भारी नवल वाटतं. (‘निर्धार’ सरळ संस्कृत ‘धृ’ धातूचा, तिथं गुंता नाही.) जुन्या दप्तरात किंवा मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात हा शब्द कुणी पाहिलाय का? तिथं हट्ट आहे की चिकाटी? पानाचा फोटो टाकलात तर फार बरं. बीड-लातूरकडं यासाठी दुसरा गावरान शब्द असला तर तोही सांगा.