समभुज त्रिकोण हा समद्विभुज असतो की नाही?

लेक सहावीत आहे. चाचणीत प्रश्न होता: ६ सेमी, ६ सेमी, ६ सेमी बाजूंचा त्रिकोण कोणता? पठ्ठीने 'समभुज आणि समद्विभुजसुद्धा' लिहिलं. लाल फुली! मी कंपासपेटी उपसून तिच्याशी तासभर वाद घातला, आता मलाच झोप नाही. चूक कोणाची?

— उत्तर १
लेकीची नाही. समद्विभुज म्हणजे निदान दोन बाजू सारख्या. तीन सारख्या असल्या तर दोन आल्याच. युक्लिडने मात्र 'दोनच' अशी व्याख्या केली होती, म्हणून जुन्या वळणाचे लोक फुली मारतात. पुस्तकातली व्याख्या बघून मग बाईंशी बोला. भांडू नका हो.

— उत्तर २
कंपासपेटी निघालीच आहे तर दोन्ही गुण्ये हातात द्या. दोन्ही काटकोन त्रिकोण, पण ४५-४५-९० वाला समद्विभुज आणि ३०-६०-९० वाला विषमभुज. बाजूंवरून एक नाव, कोनांवरून दुसरं.

— प्रश्नकर्ती
गुण्ये चालले! आता तिचा नवा प्रश्न: ५, ६, ९ सेमी, कोनमापक न लावता कोन कसा ओळखायचा?

— उत्तर १
सर्वांत मोठ्या बाजूचा वर्ग ८१. बाकीच्या दोन वर्गांची बेरीज २५ + ३६ = ६१. ८१ मोठा, म्हणजे विशालकोन. सारखे आले तर काटकोन, बेरीज मोठी आली तर लघुकोन. आमचा गवंडी पायाची आखणी ३, ४, ५ फुटांच्या दोरीने करायचा, ते हेच.