सर जॉन सायमन: निष्णात वकील मंत्रिपदावर अपुरा का पडला?

धागालेखक

महाराष्ट्रात सर जॉन सायमन हे नाव काळी निशाणे आणि ‘सायमन, परत जा’ या घोषणेसह आठवले जाते. मात्र ३ फेब्रुवारी १९२८ रोजी हिंदुस्थानातील घटनात्मक सुधारणांचा विचार करणारे कमिशन घेऊन मुंबईत उतरण्याच्या नऊ वर्षे आधी, १९१९ च्या आरंभी, हेच सायमन लंडनच्या न्यायालयात लोकमान्य टिळकांचे वकील म्हणून उभे होते. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात टिळकांना हिंदी असंतोषाचे जनक म्हटले आणि त्यांचा संबंध राजकीय खुनांशी जोडला, म्हणून टिळकांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. चिरोल यांच्या बाजूने नामांकित बॅरिस्टर एडवर्ड कार्सन होते. ज्यूरीने टिळकांच्या विरुद्ध कौल दिला आणि खर्चाचा बोजा इतका मोठा होता, की तो फेडण्यासाठी महाराष्ट्राला निधी गोळा करावा लागला.

सायमन यांच्या बुद्धीविषयी वादच नाही. मँचेस्टरच्या एका धर्मोपदेशकाचा हा मुलगा १८९९ मध्ये बॅरिस्टर झाला, १९०६ मध्ये लिबरल पक्षातर्फे पार्लमेंटमध्ये गेला आणि पुढे गृह, परराष्ट्र व अर्थ ही तिन्ही खाती सांभाळून १९४० मध्ये लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे ब्रिटनचा सर्वोच्च न्यायाधिकारी, झाला. तरीही माझे मत असे, की हातात आलेली प्रत्येक जबाबदारी त्यांनी वकीलपत्रासारखी चालवली. वकिलाला स्वतःचे मत द्यावे लागत नाही, मंत्र्याला मात्र ते द्यावेच लागते, आणि त्या ठिकाणी ते सतत कमी पडले. जपानने मांचुरिया बळकावल्यावर डिसेंबर १९३२ मध्ये परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांनी राष्ट्रसंघात केलेले भाषण पाहावे. मांचुरियाच्या प्रश्नावर राष्ट्रसंघाने नेमलेल्या आयोगाच्या लिटन अहवालातील चीनला प्रतिकूल असलेला भाग त्यांनी अशा कुशलतेने पुढे मांडला, की ते ऐकून समाधान झाले ते जपानी प्रतिनिधींचे.

प्रतिसाद १

आपले विवेचन एकांगी वाटते. ज्याला स्वतःचे मत नाही, असा माणूस ऐन महायुद्धात गृहमंत्रिपद सोडतो का? १९१५ मध्ये लॉर्ड चॅन्सेलरपद चालून आले असता त्यांनी ते नाकारून गृहखाते घेतले, आणि जानेवारी १९१६ मध्ये सक्तीची सैन्यभरती तत्त्वतः मान्य नाही म्हणून तेही सोडले. १९१८ मध्ये वॉल्थमस्टो मतदारसंघातील पार्लमेंटची जागाही गेली. म्हणजेच टिळकांचा खटला त्यांनी चालवला, तेव्हा ते पार्लमेंटमध्येही नव्हते.

कमिशनमध्ये एकही हिंदी सभासद नसावा, हे ठरवणारे मुख्यतः भारतमंत्री लॉर्ड बर्कनहेड, तेही नामांकित बॅरिस्टरच. उलट मुंबईत उतरल्यावर तीनच दिवसांनी सायमन यांनी व्हाइसरॉयना पत्र लिहून हिंदी विधिमंडळांच्या समित्यांसह संयुक्त बैठका घेण्याची योजना मांडली. हिंदी प्रतिनिधींशी परिषद भरवावी, ही सूचना १९२९ मध्ये पंतप्रधानांना लिहिलेल्या पत्रात त्यांनीच केली. ज्या माणसाच्या सूचनेतून गोलमेज परिषदेकडे वाट गेली, त्यालाच हिंदी नेत्यांच्या रोषामुळे त्या परिषदेत जागा मिळाली नाही, याचीही दखल घ्यायला हवी.

धागालेखक

१९१६ चा राजीनामा मला मान्य आहे आणि त्याचा मी आदरच करतो. पण आपल्याच उदाहरणाने माझा मुद्दा पक्का होतो. सातही सभासद ब्रिटिश असलेल्या कमिशनचे अध्यक्षपद नाकारण्याचा मार्ग १९२७ मध्येही मोकळा होता. तत्त्वासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाला ही रचनाच अन्याय्य आहे, हे दिसले नसेल असे मला वाटत नाही. लाहोरच्या निदर्शनात लाला लजपतराय लाठ्यांनी जखमी झाले आणि १७ नोव्हेंबर १९२८ रोजी त्यांचे निधन झाले. तरीही काम ठरल्याप्रमाणे पुढे चालू राहिले.

प्रतिसाद २

बहिष्काराच्या या चर्चेत डॉ. आंबेडकर सुटून जातात, म्हणून लिहितो. बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे त्यांनी कमिशनला निवेदन दिले आणि ऑक्टोबर १९२८ मध्ये पुण्यात साक्षही दिली. प्रौढ मताधिकाराची मागणी त्यांनी तेथे ठामपणे केली. ज्या समाजाचे म्हणणे कोणी विचारतच नव्हते, त्याला ही सरकारी नोंद महत्त्वाची होती, आणि त्याबद्दल त्या काळी झालेली टीका मला अन्यायाची वाटते.

मात्र १९३० च्या अहवालात त्या साक्षीचे काय झाले, तेही पाहावे. प्रौढ मताधिकार नाकारून सुमारे दहा टक्के लोकसंख्येपर्यंत मतदार वाढवावेत, एवढेच सुचवले गेले. अस्पृश्य वर्गाला राखीव जागा दिल्या, पण उमेदवार त्या वर्गाच्या वतीने उभा राहण्यास योग्य आहे, असे गव्हर्नरचे प्रमाणपत्र त्याला लागणार होते. आपला प्रतिनिधी कोण, हे गव्हर्नरने ठरवायचे असेल, तर त्याला प्रतिनिधित्व कसे म्हणावे? ऐकून घेण्यात सायमन यांनी कसूर केली नाही, विश्वास टाकण्यात केली.

प्रतिसाद ३

मी वकिली करतो, त्यामुळे लॉर्ड चॅन्सेलर सायमन यांचे निकाल वाचण्यात येतात. त्यांची रचना, क्रम आणि भाषेची स्वच्छता आजही शिकण्यासारखी आहे. तरी १९४२ चा डंकन विरुद्ध कॅमल लेअर्ड हा निकाल मला खटकतो. ‘थेटिस’ ही पाणबुडी १९३९ मध्ये चाचणीच्या वेळी बुडून ९९ माणसे मृत्युमुखी पडली होती. कुटुंबीयांनी बांधणीची कागदपत्रे मागितली, आणि ती देणे लोकहिताला बाधक आहे असे मंत्र्याने रीतसर सांगितले की ते अंतिम, असे सायमन यांनी ठरवले. युद्धकाळात नौदलाचे आराखडे उघड न करणे समजू शकते, पण तेवढ्यापुरता निर्णय देऊन न थांबता त्यांनी व्यापक नियम घालून दिला. तो बदलायला १९६८ साल उजाडावे लागले. तेव्हा धागालेखकांच्या मताला मी उलट बाजूने जोड देतो: अनेक वर्षे मंत्री राहिलेला माणूस न्यायासनावर बसूनही मंत्र्याच्याच शब्दावर भिस्त ठेवत होता.

प्रतिसाद १

डंकनचा मुद्दा वजनदार आहे, पण तो निकाल एकट्या सायमन यांचा नव्हता, त्यांच्यासह बसलेल्या सर्व न्यायाधीशांनी तो एकमताने दिला. आणखी एक प्रसंग नोंदवतो. २ सप्टेंबर १९३९ च्या रात्री, पोलंडवर हल्ला होऊनही पंतप्रधान चेंबरलेन जर्मनीला निर्वाणीचा खलिता देण्यास विलंब करत होते, तेव्हा अस्वस्थ मंत्र्यांचे म्हणणे घेऊन त्यांच्याकडे गेले ते अर्थमंत्री सायमनच.

धागालेखक

ते खरे आहे, आणि त्या रात्रीचे श्रेय त्यांना मिळालेच पाहिजे. तरी तेथेही ते सहकाऱ्यांच्या वतीनेच बोलत होते. आदल्या वर्षी चेकोस्लोव्हाकियाचा प्रदेश हिटलरला देणाऱ्या म्युनिक कराराच्या वेळी चेंबरलेन यांच्या अगदी निकटच्या सल्लागारांत ते होते, तेव्हा असे कोणी त्यांना पुढे केले नव्हते आणि ते स्वतःहून उभे राहिले नाहीत.

प्रतिसाद १

म्युनिकच्या वेळी मंत्रिमंडळातून राजीनामा देऊन बाहेर पडले ते एकटे नौदलमंत्री डफ कूपर. मग हा दोष सायमन यांच्या वकिलीच्या माथी कसा मारता येईल? बाकीचे सगळे काही वकील नव्हते.