व्यापारात बिनसले तर समुद्रावरची भागीदारी टिकते का?

प्रश्न : हर्णैचा नौकामालक

सर्वांना नमस्कार. आमची हर्णै बंदरात एक मासेमारी नौका आहे. तिच्यावर ट्रान्सपाँडर (नौका कुठे आहे ते कळवणारे यंत्र) बसवला आहे, खलाशांकडे ओळखपत्रे आहेत आणि बंदर सोडताना नोंद करावी लागते. याबद्दल माझी तक्रार नाही. १९९३ साली मुंबईच्या स्फोटांसाठीची सामग्री शेखाडी आणि दिघीला उतरली ती आमच्याच शेजारच्या किनाऱ्यावर, आणि २००८ साली मुंबईवर हल्ला करणारे एका पळवलेल्या मासेमारी नौकेतून आले, हे आम्ही विसरलेलो नाही.

माझा प्रश्न त्यापलीकडचा आहे. भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांच्या क्वाड गटाबद्दल आणि त्यांच्या नौदलांच्या मलबार सरावाबद्दल मी नेहमी वाचतो. त्याच अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मालावर ५० टक्के आयात शुल्क लावले, तेव्हा बंदरावर लिलावाच्या वेळी कोळंबीच्या भावाखेरीज दुसरा विषय नव्हता. दुसरीकडे आपण रशियाकडून तेल घेतो आणि शांघाय सहकार्य संघटनेत चीनच्या शेजारी बसतो. ज्याच्याशी व्यापारात असे बिनसते, त्याच्याशी समुद्रावरची भागीदारी टिकते का? आणि टिकली तर ती कोणाच्या कामाची?

उत्तर : विजयदुर्गहून

टिकते, मात्र ती कोणाच्या जोरावर उभी आहे, हे आधी पाहावे लागते. आमच्या गावात हा प्रश्न एकदा फार महाग पडला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

नानासाहेब पेशव्यांना विजयदुर्गाचे आरमारप्रमुख तुळाजी आंग्रे आवरत नव्हते, तेव्हा १७५५ साली त्यांनी मुंबईच्या इंग्रजांशी करार केला. त्याच वर्षी कमोडोर जेम्सने तुमच्या हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह हे इंग्रज सेनानी विजयदुर्गावर चालून आले; तोफांच्या माऱ्यात एका जहाजाला आग लागली आणि एकमेकांना बांधून ठेवलेल्या जहाजांवरून ती पसरत जाऊन आंग्र्यांचे जवळजवळ सगळे आरमार जळाले. किल्ल्यातली लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली, किल्लाही कित्येक महिने सोडला नाही, आणि अखेर तो पेशव्यांना देताना बाणकोटचा किल्ला स्वतःकडे ठेवून घेतला. पेशव्यांचा शत्रू संपला हे खरे, परंतु पुढे त्यांच्याच कामी आली असती अशी जहाजेही त्याच आगीत गेली. गिर्ये येथे खाडीकाठी कातळ फोडून केलेली आंग्र्यांची गोदी अजून आहे. घरी पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतो. कातळाच्या त्या खोदीव भिंतीजवळ उभे राहिल्यावर, हे ज्यांना जमत होते त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो.

म्हणून माझा निकष हा, की भागीदारीनंतर आपले आरमार आपल्या हातात राहते की नाही. आज ते राहते, असे माझे मत आहे. क्वाड हा लष्करी करार नाही. अमेरिका आणि जपान यांच्यात आहे तसे संरक्षणाचे बंधन त्यात आपल्यावर नाही आणि त्यांच्यावरही नाही. २०१६ साली अमेरिकेशी झालेल्या रसद कराराने परस्परांच्या जहाजांना इंधन आणि पुरवठा मिळतो, पण कोणाला तळ मिळत नाही. मलबार सराव १९९२ पासूनचा आहे. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर तो काही वर्षे थांबला आणि पुन्हा सुरू झाला, यावरून असे संबंध तुटून पुन्हा जुळतात हेही दिसते. आणि ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका आपण कोचीला बांधली, ही गोष्ट मला कोणत्याही करारापेक्षा मोठी वाटते.

उत्तर : दापोलीचा निवृत्त बोटवाला

विजयदुर्गकरांचा दाखला मला पटतो, पण त्याच किनाऱ्यावर त्याच्या उलट घडलेलेही सांगायला हवे. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कान्होजी आंग्र्यांच्या अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर चाल केली. बाजीरावांची फौज आल्यावर पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह केला आणि इंग्रजांना हात हलवत परतावे लागले. दोन प्रबळ सत्ता एकत्र आल्या म्हणजे त्यांचे हितही एक झाले, असे होत नाही.

मी तीस वर्षे बोटीवर काढली. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा माझा भाचा एका मालवाहू जहाजावर होता आणि ते जहाज आफ्रिकेला वळसा घालून युरोपात गेले. घरी आठवडाभर कोणी नीट जेवले नाही. त्या वेळी अमेरिकेने जी संयुक्त मोहीम उभी केली तिच्यात भारत सामील झाला नाही. आपण स्वतःच्या युद्धनौका अरबी समुद्रात ठेवल्या. मार्च २०२४ मध्ये नौदलाने ‘रूएन’ हे चाच्यांनी पळवलेले जहाज आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर गाठले. नौदलाचे मार्कोस कमांडो विमानातून समुद्रात उतरवले, १७ खलाशी सोडवले आणि ३५ चाचे शरण आले.

गुरुग्रामला डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या नौदलाच्या सागरी माहिती केंद्रात मित्रदेशांचे अधिकारी आपल्या अधिकाऱ्यांसोबत बसतात. कोणते जहाज कुठे आहे, ही माहिती तिथे एकत्र होते. नेत्यांच्या छायाचित्रांपेक्षा बोटीवरच्या माणसाला या कामाचा उपयोग अधिक आहे, आणि शुल्काचा वाद चालू असतानाही ते काम थांबत नाही. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी इथे शोधेन.

उत्तर : राजापूर तालुक्यातून

दोन्ही उत्तरे समुद्राकडे पाहतात. मी जमिनीकडे पाहायला सांगतो. फ्रान्स हा १९९८ पासूनचा आपला सामरिक भागीदार. त्या मैत्रीतून जैतापूरला प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या ठरल्या. २०१८ साली नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी सौदी अरेबिया आणि अमिराती यांच्या कंपन्या आल्या. करार दिल्लीत होतात आणि सात-बारा आमच्याकडचा लागतो. मी फ्रान्सच्या मैत्रीविरुद्ध नाही, राफेल लढाऊ विमानेही हवीत. पण कोणत्या गावाने काय द्यायचे, हे त्या गावाला आधी विचारले जावे, ही माझी मनापासूनची मागणी आहे.

प्रश्नकर्ता : हर्णैचा नौकामालक

सर्वांचे आभार. राजापूरकरांचे म्हणणे मी प्रश्न लिहिताना ध्यानात घेतले नव्हते.

बोटवाल्या काकांच्या उत्तरावरून एक आठवले. जून २०१९ मध्ये वायू चक्रीवादळ आले तेव्हा दहा चिनी मासेमारी नौकांना तटरक्षक दलाने रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आसरा दिला होता. वादळात सापडलेल्या नौकेला बंदर नाकारायचे नसते, त्यामुळे त्यात गैर काही नव्हते. पण एवढ्या लांबच्या नौका आपल्या इतक्या जवळ मासेमारी करतात, हे आम्हाला वादळामुळे कळले. ट्रान्सपाँडर बंद ठेवून फिरणाऱ्या नौका शोधण्याचे काम क्वाडने २०२२ साली टोकियोच्या बैठकीत हाती घेतले. माझ्या नौकेची जागा किनाऱ्यावर दिसते. त्या नौकांची माहिती मात्र मच्छीमार सोसायटीपर्यंत येत नाही. १ ऑगस्टला हंगाम सुरू होण्याआधी आमची बैठक आहे. तिथे हा मुद्दा लेखी मांडून मत्स्यव्यवसाय खात्याकडे पाठवणार आहे. अर्जाचा मसुदा कोणी तपासून देईल का?

उत्तर : दापोलीचा निवृत्त बोटवाला

इथेच टाका, मी आज रात्री पाहतो. अर्जाची एक प्रत तटरक्षक दलाच्या रत्नागिरी येथील ठाण्यालाही द्या.