मृतोपजीवी की कवकोपजीवी?

मोनोट्रोपा युनिफ्लोरा या वनस्पतीवरचा मजकूर मराठीत आणते आहे. मेणासारखा पांढरा देठ, टोकाला मान खाली घातलेलं एकच फूल, पानांच्या जागी नुसते खवले. हरितद्रव्य औषधालासुद्धा नाही. शाळेत शिकलेला 'मृतोपजीवी' लिहिला, तर संपादकांनी त्यावर लाल रेघ मारली. दुसरा शब्द आहे का?

— रेघ योग्यच आहे. मृतोपजीवी म्हणजे कुजलेल्यावर जगणारा. ही पालापाचोळ्यातून वर येते म्हणून पूर्वी सगळे तिला सॅप्रोफाइट म्हणायचे. १९६० साली एरिक ब्यॉर्कमन यांनी स्प्रूस आणि पाइनच्या खोडात किरणोत्सारी कार्बन असलेली साखर टोचली. काही दिवसांनी तो कार्बन शेजारी उगवलेल्या मोनोट्रोपात (हिच्या पिवळट भावंडात) सापडला. मुळाला मूळ जोडलेलं नव्हतं, मधे होते बुरशीचे धागे. झाड बुरशीला साखर देतं, बुरशी झाडाला पाणी आणि क्षार. या पंगतीत ही तिसरी आगंतुक.

— मग सरळ बांडगूळ म्हणा की!

— नको. बांडगुळाला चांगली हिरवी पानं असतात. ते झाडाकडून पाणी-क्षार ओढतं, पण साखर बरीचशी स्वतःच करतं. आपण शिवी म्हणून वापरतो त्या मानाने खरं बांडगूळ फारच कष्टाळू.

— १९९४ मधल्या जोनाथन लीक यांच्या लेखापासून 'मायकोहेटेरोट्रॉफ' रूढ झाला. शब्दशः 'कवकपरपोषी' होईल (कवक म्हणजे बुरशी).

— 'परपोषी' मला कायम खटकतो. स्वयंपोषी म्हणजे स्वतःला पोसणारा, तर त्याच चालीवर परपोषी दुसऱ्याला पोसणारा ठरतो! अर्थ पार उलटा. त्यापेक्षा 'कवकोपजीवी' घ्या. मृतोपजीवीच्याच साच्यातला, त्यामुळे वाचकाला परका वाटत नाही.

— 'बुरशी' का नको? सोपा आहे.

— बुरशी म्हटलं की शिळ्या पावावरचा हिरवा थर डोळ्यांपुढे येतो. इथली मंडळी रसुला कुळातली, छत्र्या उगवणारी. तरी पहिल्या उल्लेखात 'बुरशीच्या जिवावर जगणारी' असं लिहून पुढे 'कवकोपजीवी' चालवा.

— घेतला. पण पुढच्या परिच्छेदात ऑर्किड आहेत. त्यांचं बी धुळीसारखं, आत साठवलेलं अन्न जवळजवळ नाही. रुजताना बुरशीवरच पोसतं, नंतर बहुतेकांना हिरवी पानं फुटतात. त्यांना काय म्हणू?

— 'बालपणी कवकोपजीवी' लिहा. संपादक हसतील, पण खोडणार नाहीत.