पेलोड 690 किलो, ट्रेलर 3,450 किलोचा: ही जोडी चालेल का?

लांबपल्ला

गाडी आहे हाफ-टन (हलक्या) वर्गातली पेट्रोल पिकअप, डबल कॅब. माहितीपत्रकात ओढण्याची क्षमता 4,200 किलो दिलीय. घ्यायचा विचार आहे तो दोन ॲक्सलचा ट्रॅव्हल ट्रेलर (आत राहण्याची सोय असलेला), रिकामा 2,750 किलो आणि कमाल भरलेलं वजन 3,450. क्षमतेत 750 किलो शिल्लक दिसतात, तरीही गाडी पुरणार नाही असं काही जण सांगतात. नेमकी कुठे कमी पडते ते कोणी आकड्यांत सांगेल का?

माझ्याकडचे आकडे: दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पेलोड (गाडीवर एकूण किती भार घालता येतो तो) 690. गाडीचं कमाल एकूण वजन 3,170, मागच्या ॲक्सलची मर्यादा 1,850, गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल 6,850. रिसीव्हरवरच्या (हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा सांधा, गाडीच्या मागे जिथे बसतो तिथल्या) पट्टीवर साध्या हिचसाठी ट्रेलर 2,270 आणि टंग वेट (ट्रेलरचं नाक हिचच्या बॉलवर टाकतं तो भार) 227, वेट डिस्ट्रिब्यूशन हिचसाठी (स्प्रिंग बारने तो भार इतर ॲक्सलांवर वाटणारं हिच) 5,440 आणि 544.

चौघं (280 किलो), मागे 90 किलो सामान आणि रिसीव्हरमध्ये 40 किलोचं वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, अशी भरलेली गाडी काट्यावर घातली. पुढचा ॲक्सल 1,460, मागचा 1,430. व्हीलबेस 3.68 मीटर, मागच्या ॲक्सलपासून बॉलपर्यंत 1.65 मीटर.

मागच्या स्प्रिंगला आधार म्हणून एअर बॅग (हवा भरायचे फुगे) बसवून भागत असेल तर तेही सांगा.

धुरा

आकडे पूर्ण दिलेत, त्यामुळे उत्तर सरळ देता येतं: या ट्रेलरला ही गाडी पुरत नाही. इंजिन, गिअरबॉक्स, ओढण्याची क्षमता यांत काही कमी नाही. कमी पडतोय तो पेलोड आणि मागचा ॲक्सल.

4,200 हा आकडा कुठून येतो ते आधी बघा. एसएई जे2807 या मानकानुसार क्षमता ठरवताना गाडीत 68 किलोची दोनच माणसं आणि हिचचं सामान धरतात, आणि टंग वेट ट्रेलरच्या 10 टक्के. म्हणजे 420 किलो टंग वेट, 136 किलो माणसं आणि वर हिच. हे 690 मध्ये आरामात बसतं. तुमच्या गाडीत मात्र चौघं आहेत, सामान आहे, आणि ट्रॅव्हल ट्रेलर 10 टक्क्यांवर ओढणं म्हणजे अगदी काठावर चालणं. 12 ते 13 टक्के धरूनच हिशेब करावा.

ट्रेलरचं रिकामं वजन विसरून जा. त्यात बहुतेक वेळा बॅटरी, भरलेले गॅस सिलिंडर, पाणी, भांडी, अंथरुणं काहीच धरलेलं नसतं. प्रवासाला निघताना तो 3,400 च्या आसपासच असणार. 13 टक्क्यांनी टंग वेट सुमारे 440. त्यात माणसं 280, सामान 90, हिच 40 मिळवा. झाले 850. स्टिकर 690 सांगतो. तिथेच 160 जास्त.

आता ॲक्सलवर काय होतं ते पाहा. बॉल मागच्या ॲक्सलच्या 1.65 मीटर मागे आहे, त्यामुळे 440 किलो तिथे नुसते बसत नाहीत, तरफेसारखे पुढचा ॲक्सल उचलतात. 440 गुणिले 1.65 भागिले 3.68, म्हणजे 197 किलो पुढून निघून मागे जातात. पुढे राहिले 1,263, मागे झाले 2,067. मर्यादा 1,850!

वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे स्प्रिंग बार ताणून गेलेल्या भारापैकी साधारण निम्मा, 100 किलो, पुढे परत आणला आणि बॉलपासून ट्रेलरच्या दोन ॲक्सलांच्या मध्यापर्यंत 5.5 मीटर धरले, तर सुमारे 50 किलो ट्रेलरच्या ॲक्सलांवर जातात. मागचा ॲक्सल 1,916 वर येतो. तरीही 66 किलो जास्त. गाडीचं एकूण वजन 3,279, तेही मर्यादेपेक्षा 109 ने वर. गाडी आणि ट्रेलर मिळून मात्र 6,290, म्हणजे 6,850 च्या बरंच खाली. फक्त हाच आकडा बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं, आणि फसगत इथेच होते.

घाटमाथा

धुरा यांच्या हिशेबाला +१.

एअर बॅगबद्दल. त्या मागचा भाग वर उचलतात, गाडी आडवी सरळ दिसते, पण ॲक्सल, बेअरिंग, रिम, टायर आणि ब्रेक तेच राहतात. स्टिकरवरचा एकही आकडा बॅगेने वाढत नाही. शिवाय पुढच्या चाकांवरून गेलेला भार त्या परत आणत नाहीत. गाडी सरळ दिसते आणि पुढची चाकं हलकीच राहतात. स्टिअरिंग हलकं लागतं, ओल्या रस्त्यावर पुढची पकड जाते, आणि जोरात ब्रेक मारला की पुढच्या चाकांना जेवढं काम करायचं असतं तेवढं ती करू शकत नाहीत. आधीच बॅगा असतील तर कमीत कमी हवेवर ठेवून आधी हिच सेट करायचं, मग हवा. उलट क्रमाने केलं तर मापं खोटी येतात.

मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना जादा पान घालणं हीसुद्धा तीच गोष्ट आहे.

लांबपल्ला

धन्यवाद, आता कळलं. मग गाडी बदलायची की ट्रेलर? हीच गाडी ठेवायची तर किती वजनाचा ट्रेलर चालेल?

धुरा

उलटा हिशेब करा. 690 मधून माणसं, सामान आणि हिचचे 410 गेले की टंग वेटसाठी 280 उरतात. 280 भागिले 0.13, म्हणजे भरलेला ट्रेलर जास्तीत जास्त 2,150 किलो. मागचा ॲक्सल तपासा: 280 किलोमुळे तिथे 405 वाढतात, 1,430 मध्ये मिळवले की 1,835. बार न ताणताही मर्यादेत, पण जेमतेम. ट्रेलर निवडताना त्याच्या पाटीवरचं कमाल वजनच 2,150 च्या आत असलेलं बघा, म्हणजे नंतर सामान वाढलं तरी धोका नाही. 280 हे साध्या हिचच्या 227 पेक्षा जास्त आहे, तेव्हा वेट डिस्ट्रिब्यूशन हिच याही ट्रेलरला लागणारच.

3,450 चाच ट्रेलर हवा असेल तर एक पायरी वरचा थ्री-क्वार्टर टन वर्ग बघा, पण मॉडेलच्या नावावर जाऊ नका. त्याच मॉडेलमध्ये डिझेल इंजिन, फोर-व्हील ड्राइव्ह आणि वरची ट्रिम (जास्त सोयींची आवृत्ती) घेतली की गाडीचं स्वतःचं वजन वाढतं आणि पेलोड तेवढाच घटतो. जी गाडी घेणार तिच्याच दाराचा स्टिकर वाचा, माहितीपत्रकातला ‘जास्तीत जास्त’ हा शब्द सोडून द्या. तुम्हाला 850 लागतात. 1,100 च्या खालचा स्टिकर मी तरी सुचवणार नाही.

काटेकोर

जोडी कोणतीही ठरवा, खरं काय ते काटा सांगेल. तीन वेळा वजन करायचं. आधी ट्रेलर जोडून, बार ताणलेले. मग तसंच जोडलेलं, पण बार सैल सोडून. शेवटी ट्रेलर सोडून एकटी गाडी, हिच रिसीव्हरमध्येच ठेवून. दर वेळी पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरचे ॲक्सल वेगवेगळे लिहून घ्या. माणसं प्रत्येक वेळी गाडीतच बसलेली हवीत, इंधनही तितकंच. दुसऱ्या वजनातली गाडीच्या दोन्ही ॲक्सलांची बेरीज वजा तिसऱ्यातली बेरीज, हे तुमचं खरं टंग वेट. पहिल्या आणि दुसऱ्यातला पुढच्या ॲक्सलचा फरक म्हणजे हिचने किती भार परत आणला ते.

बार सेट करायला काटा लागतोच असं नाही, मोजपट्टी पुरते. सपाट जमीन, दोन्ही वाहनं प्रवासाएवढी भरलेली. पुढच्या चाकाच्या वर मडगार्डच्या कडेची जमिनीपासूनची उंची ट्रेलर न जोडता मोजा, समजा 980 मिमी. ट्रेलर जोडून बार सैल असताना 1,012 झाली, तर 32 मिमी उचललं गेलं. मॅन्युअल निम्मा भार परत आणा म्हणत असेल तर बार ताणल्यावर 996 च्या आसपास यायला हवी. काही उत्पादक पूर्ण परत आणायला सांगतात, तेव्हा स्वतःच्या गाडीचं मॅन्युअल आधी वाचा. 980 च्याही खाली गेलात तर मागची चाकं जास्त हलकी होतात आणि ओल्या वळणावर मागचा भाग घसरतो.

बार चढवताना अंगाचा जोर लावू नका. कपलर (ट्रेलरच्या नाकाचा बॉलवर बसणारा भाग) बॉलवर लॉक करा, मग ट्रेलरच्या जॅकने कपलर आणि गाडीचा मागचा भाग एकत्र वर उचला. बार हलके चढतात. ताणलेला बार सुटला तर हात मोडेल इतका जोर त्यात असतो. शेवटी ट्रेलर बाजूने बघा: सपाट किंवा नाक किंचित खाली. नाक वर असेल तर ट्रेलरच्या मागच्या ॲक्सलवर जास्त भार जातो.

लांबपल्ला

पाण्याची टाकी भरलेली न्यावी की रिकामी? आणि सायकली ट्रेलरच्या मागच्या बंपरवर लावल्या तर चालतील?

घाटमाथा

टाकी कुठे आहे त्यावर ठरतं. 200 लिटर म्हणजे 200 किलो. टाकीचा मध्य ॲक्सलच्या 1 मीटर पुढे असेल तर टंग वेट सुमारे 36 किलोने वाढतं, 1 मीटर मागे असेल तर तेवढंच घटतं. सायकली आणि रॅक मिळून 60 किलो ॲक्सलपासून 4 मीटर मागे टांगले तर 44 किलो कमी. टाकी मागची आणि सायकलीही मागे, असं झालं की 440 चे 360 होतात, एकूण वजन मात्र वाढलेलं. टक्केवारी 10 च्या खाली आली की ट्रेलर डोलायला लागतो.

सायकलींचं दुसरंही नुकसान आहे. टोकाला लटकलेलं वजन एकदा आडवं हलू लागलं की थांबवायला कठीण. समोर तेवढंच वजन टाकून टंग वेट जुळवलं तरी दोन्ही टोकांचं ओझं डोलणं वाढवतंच. जड वस्तू ॲक्सलच्या आसपास, थोड्या पुढे, आणि जमिनीलगत ठेवा. सायकली पिकअपमध्ये, पण पेलोडमध्ये मोजून.

डोलायला लागलाच तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, आणि ब्रेक कंट्रोलरचा (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या उपकरणाचा) हातातला लिव्हर हळूहळू दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. गाडीचा ब्रेक मारू नका, मागून ट्रेलर ढकलतो. वेग वाढवून ‘सरळ करणं’ तर नकोच. थांबल्यावर कारण शोधा, अँटी-स्वे बार (डोलणं रोखणारा दांडा) घट्ट करून पुढे निघू नका.

काटेकोर

ब्रेक कंट्रोलर प्रपोर्शनल प्रकारचा घ्या, म्हणजे गाडी जितक्या जोरात थांबते तितकाच ट्रेलरला ब्रेक लावणारा. फक्त ठरलेल्या वेळेनुसार करंट वाढवणारे स्वस्त प्रकार हलक्या ब्रेकलाही तेवढाच करंट देतात. गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर) ठरवताना आधी थोडं चालवून ब्रेक गरम करा. मग कोरड्या, सपाट, मोकळ्या रस्त्यावर 40 किमी वेगाने लिव्हर पूर्ण दाबा. ट्रेलरची चाकं लॉक झाली तर गेन कमी करा. लॉक होण्याच्या किंचित खाली थांबा. सामान बरंच कमी-जास्त झालं की पुन्हा.

उतारावर वेग आधीच कमी करून खालचा गिअर. ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. थोडा वेळ ठामपणे दाबा, सोडा, थंड होऊ द्या. टर्बो नसलेलं इंजिन दर 1,000 मीटर उंचीला साधारण 10 टक्के ताकद गमावतं, तेही चढाचा हिशेब करताना धरा.

टायर थंड असताना हवा तपासा. ट्रेलरच्या एसटी (खास ट्रेलरसाठीच्या) टायरवर वेगाचं वेगळं चिन्ह नसेल तर मर्यादा ताशी 105 किमी. गाडीच्या मागच्या टायरची भारक्षमता प्रत्यक्ष ॲक्सल वजनाच्या निम्म्याशी पडताळा. पॅसेंजर टायर पिकअपवर असेल तर त्याची क्षमता 1.10 ने भागून धरतात, ही गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. नवीन ट्रेलरच्या चाकांचे नट टॉर्क पान्याने 15, 40 आणि 80 किमीनंतर पुन्हा आवळा.

धुरा

बॉलचं माप कपलरवर छापलेलं असतं. या वजनाला बहुधा 2 पूर्णांक 5/16 इंच. 2 इंचाचा बॉल मोठ्या कपलरमध्ये बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात निसटतो, म्हणून लॉक झाल्यावर जॅकने कपलर थोडा वर उचलून पाहा. गाडीचा मागचा भाग सोबत उचलला गेला तरच ठीक.

सेफ्टी चेन कपलरखाली एकमेकींवरून फुली मारून. ब्रेकअवे स्विचची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या) वायर गाडीच्या चौकटीला किंवा रिसीव्हरच्या वेगळ्या कडीला, चेनच्या हुकाला नाही आणि बॉल माउंटलाही नाही. माउंट निघून आला तर वायरही त्याच्याबरोबर जाते आणि पिन ओढलीच जात नाही. स्विच चाचणीसाठी ओढला तर ब्रेक लागले याची खात्री करून पिन लगेच परत घाला, नाहीतर ट्रेलरची बॅटरी उतरते आणि ब्रेकचे मॅग्नेट तापतात.